घोड्यावर मांड टाकण्यापूर्वी

मार्गशीर्षात महाराष्ट्रातील घोड्यांचे दोन मोठे बाजार एकामागोमाग भरतात. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याचा बाजार सुरू होतो. त्यानंतर पंधरवड्याने नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा येते आणि तेथे घोडे, गाढवे व उंट यांची खरेदी-विक्री चालते. पालम आणि गंगाखेड ही परभणी जिल्ह्यातील गावे माळेगावपासून फारशी दूर नाहीत. त्यामुळे यात्रेच्या दिवसांत या भागातील अनेक मुलांना घोडा प्रथमच जवळून पाहावयास मिळतो. पुढे लग्नसराई येते आणि वरातीतील घोडी दारात उभी राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत महाबळेश्वरचा वेण्णा तलाव किंवा मोटारींना बंदी असलेले माथेरान येथे मुले घोड्यावरून फेरी मारतात.

यात्रा, वरात आणि थंड हवेचे ठिकाण या तिन्ही प्रसंगांत एक गोष्ट समान आढळते. मुलाला उचलून खोगिरावर बसविले जाते, छायाचित्र काढले जाते आणि पैसे दिले जातात. घोडा कसा पाहतो, कशाला भितो, त्याने पाणी केव्हा प्यायले, त्याच्या पाठीवर जखम आहे काय, याविषयी मुलाला कोणी काही सांगत नाही आणि मोठी माणसेही विचारीत नाहीत. वाटेतील मुंगी चुकवून चालण्याचा संस्कार असलेल्या घरांतही तासाच्या भाड्याने आणलेल्या या जनावराचा विचार सहसा होत नाही. देरासरात किंवा मंदिरात तिसरे तीर्थंकर संभवनाथ यांच्या प्रतिमेसमोर मुले हात जोडतात. त्या प्रतिमेचे लांछन अश्व आहे, हे त्यांना पाठही असते. परंतु प्रत्यक्ष अश्वाशी कसे वागावे याचा पाठ मात्र राहून जातो.

श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे पाच अतिचार शास्त्रकारांनी सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. म्हणजे जाचक रीतीने बांधणे, मारणे, अंगास इजा करणे, शक्तीबाहेर ओझे लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे. अश्वपालनाचे कोणतेही चांगले पुस्तक उघडले तर त्यातील पहिले धडे याच पाच दोषांच्या निवारणाविषयी असतात. म्हणून घोड्याची निगा आणि घोडेस्वारीची मूलतत्त्वे यांचा परिचय करून घेणे व्यापारी कुटुंबातील मुलांना अवघड जाऊ नये.

हिशेबातला घोडा

महाराष्ट्राला घोडा नवा नाही. भीमा नदीच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे चणीने लहान, परंतु अत्यंत काटक. मराठ्यांच्या घोडदळाने दूरवरच्या मजला मारल्या त्या या दख्खनी तट्टांच्या बळावर. आजही मेंढपाळ धनगर आपला संसार याच तट्टांच्या पाठीवर घालून गावोगाव फिरतात. मोटारी रुळण्यापूर्वी आठवडी बाजारासाठी गावोगाव जाणाऱ्या व्यापाऱ्यांनाही तट्टू परके नव्हते.

घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यारे घेऊन येई. दोघांसाठीही दाणावैरणीचा हिशेब हा लढाईइतकाच गंभीर विषय होता. चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेली वैरण आणि दाणा आताच बेहिशेबी उधळल्यास ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील आणि तो दोष अंमलदारांचाच ठरेल, असा त्या पत्राचा आशय आहे. उपासमारीने मेलेला घोडा हा निष्काळजी हिशेबाचा बळी असतो, हे त्यात इतक्या स्पष्टपणे सांगितले आहे की वहीखात्याशी परिचय असणाऱ्या वाचकाला ते आजही नवे वाटेल.

घोड्याचा स्वभाव

निसर्गात घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. वाघाला पाहून लढण्यापेक्षा पळणे त्याला सोयीचे. त्यामुळे अनपेक्षित आवाज, अचानक उडालेली पिशवी, उघडलेली छत्री यांना तो प्रथम धोका समजतो व विचार नंतर करतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. परंतु कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग त्याला दिसत नाही. म्हणून मागून येणारे मूल त्याच्या दृष्टीने अकस्मात उगवलेले संकट असते. घोड्याची लाथ बहुधा अशा भीतीतून बसते, दुष्टपणातून नव्हे.

मुलांना शिकविण्याचा पहिला नियम यातूनच निघतो. घोड्याजवळ जाताना त्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेने, सावकाश, बोलत बोलत जावे. धावू नये, ओरडू नये. प्रथम हाताची मागची बाजू त्याला हुंगू द्यावी, मग मानेवर किंवा खांद्यावर हात ठेवावा. एकदम तोंडाला किंवा कपाळाला हात लावू नये. काही खाऊ घालायचे असल्यास सपाट तळहातावर ठेवावे. बोटांच्या चिमटीत धरल्यास बोट आणि खाऊ यांतील फरक घोड्याला कळत नाही. घोड्याच्या मागून जाणे टाळावे आणि जावेच लागले तर चांगले लांबून जावे. म्होरकीचा दोर हाताभोवती कधीही गुंडाळू नये. घोडा बुजून पळाला तर गुंडाळलेला दोर सुटत नाही आणि मूल फरफटत जाते.

घोड्याचे मन त्याच्या कानांत वाचता येते. कान पुढे वळलेले असले तर तो उत्सुक आहे. एक कान स्वाराकडे वळला तर तो ऐकत आहे. दोन्ही कान मानेला चिकटवून मागे पाडले तर तो संतापला किंवा दुखावला आहे, तेव्हा दूर राहावे. शेपूट सतत फटकारणे, डोळ्यांतील पांढरा भाग दिसणे, अंग थरथरणे ही भीतीची किंवा वेदनेची चिन्हे होत. माणसाला ऐकू न येणारे अतिशय उंच स्वरही घोड्याला ऐकू येतात, हे वरातीच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वजनाचा ताळेबंद

अतिभार हा पाच अतिचारांतील चौथा. घोड्याच्या बाबतीत अतिभार कोणता, हे मोजता येते. काटा नसताना घोड्याचे वजन काढण्याची एक सोपी रीत पशुवैद्यक वापरतात. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजावा. नंतर खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग करून त्याला लांबीने गुणावे आणि ११,८८० ने भागावे; किलोग्रॅममध्ये अंदाजी वजन मिळते.

उदाहरणार्थ, एखाद्या लहान चणीच्या तट्टाचा घेर १५० आणि लांबी १४० सेंटिमीटर असेल तर त्याचे वजन सुमारे २६५ किलो येते. मोठ्या मारवाडी घोडीचा घेर १७५ आणि लांबी १५५ असेल तर वजन सुमारे ४०० किलो भरते. स्वार आणि खोगीर मिळून एकूण भार घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा साधारण दंडक आहे. म्हणजे पहिल्या तट्टासाठी ४० ते ५३ किलो आणि दुसऱ्या घोडीसाठी ६० ते ८० किलो.

आता वरातीचा जमाखर्च मांडून पाहावा. नवरदेव ७५ किलोचा, त्याच्या पुढ्यात बसविलेले मूल १५ किलोचे, खोगीर आणि जरीकामाचा साज १० किलोचा असे धरले तर एकूण १०० किलो होतात. मोठ्या घोडीला हा भार मर्यादेपेक्षा २० किलोंनी अधिक झाला. लहान तट्टाला तर तो मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. घोडा सशक्त, तरुण आणि निरोगी असेल तरच ही मर्यादा खरी; म्हातारा, लंगडा किंवा पाठीवर जखम असलेला घोडा काहीच भार वाहण्यायोग्य नसतो. घरातील एखाद्या मुलाने हे गणित वहीवर मांडून वडीलधाऱ्यांना दाखवावे. व्यवहारी घरात आकडे चटकन पटतात.

दाणावैरण आणि पाणी

घोड्याचे पोट मोठे दिसत असले तरी त्याचा जठर शरीराच्या मानाने लहान असतो. निसर्गात तो दिवसाचे बरेच तास थोडे थोडे चरत राहतो. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. त्यामुळे एकाच वेळी भरपूर दाणा घातला तर तो आत फुगतो आणि पोटशूळ उठतो. घोड्यांच्या अकाली मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

दिवसभराचे एकूण सुके अन्न वजनाच्या सुमारे दोन टक्के असावे. २६५ किलोच्या तट्टाला ते सव्वापाच किलोच्या आसपास होते आणि त्यातील किमान चार किलो गवत किंवा वैरण असावी. चंदी म्हणजे दाण्याचा खुराक श्रमाच्या प्रमाणात द्यावा आणि तो दोन-तीन वेळांत विभागावा. मराठवाड्यात सुके गवत, कुट्टी केलेला ज्वारीचा कडबा, लसूणघास, भिजविलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा ही सहज मिळणारी सामग्री आहे. मात्र कोवळी हिरवी ज्वारी घोड्याला विषारी ठरू शकते, ती कदापि घालू नये. चाऱ्यात कोणताही बदल करायचा झाल्यास आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. चाटण्यासाठी मिठाचा खडा ठेवावा.

येथे अडत दुकानदारांसाठी एक विशेष सूचना आवश्यक आहे. दुकानातील सादळलेला, बुरशी धरलेला किंवा कीटकनाशकाची पूड लागलेला दाणा फेकण्यापेक्षा मुक्या जनावराच्या मुखी पडावा, अशा सद्भावनेने तो घोड्याच्या तोबऱ्यात टाकला जातो. गाय-बैल रवंथ करतात. घोडा करीत नाही, आणि बुरशीचा दाणा त्याच्या आतड्यांना व मेंदूला बाधतो. जीवदयेच्या हेतूने दिलेले असे दान प्राणघातक होऊ शकते. जे धान्य घरच्या स्वयंपाकात चालणार नाही ते घोड्यालाही देऊ नये. लग्नात घोडीला हरभऱ्याची डाळ चारण्याची रीत अनेक घरांत आहे. मूठभर डाळीने बिघडत नाही. परंतु प्रत्येक नातलगाने ओंजळभर घातली, वर लाडू आणि पेढे भरविले, तर त्या रात्री घोडीचे पोट दुखणार हे निश्चित समजावे.

पाणी स्वच्छ आणि सदैव उपलब्ध असावे. प्रत्येक १०० किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५ लिटर पाणी हिवाळ्यात पुरते. परभणीच्या वैशाखात, त्यातही काम चालू असताना, ते दुप्पट आणि अधिकही लागते. श्रमानंतर थोड्या थोड्या अंतराने थोडे थोडे पाणी पाजावे, अंगावर पाणी ओतून ते हाताने निपटून काढावे आणि सावलीत सावकाश फिरवावे. दाणा मात्र श्वास पूर्ण शांत झाल्याखेरीज देऊ नये आणि दाणा खाल्ल्यानंतर निदान तासभर स्वारी करू नये.

खरारा, खूर आणि खोगीर

रोजचा खरारा हा घोड्याची तपासणी करण्याचा सर्वोत्तम प्रसंग होय. मानेपासून सुरुवात करून केसांच्या दिशेने ब्रश फिरवावा. हाताला सूज, गाठ, गोचीड, जखम किंवा गरम भाग लागतो काय, हे पाहत जावे. घाम, धूळ आणि खडे खोगिराखाली राहिले तर पाठ सोलवटते. ज्या मुलाला घोडेस्वारी शिकायची आहे त्याने आधी आठवडाभर खरारा करावा, असा चांगल्या शिक्षकांचा आग्रह असतो. त्यामागे शिस्तीइतकेच शहाणपणही आहे, कारण त्या आठवड्यात घोडा आणि मूल परस्परांना ओळखू लागतात.

खुरांची स्वच्छता रोज दोनदा, तसेच स्वारीच्या आधी व नंतर करावी. बोथट आकड्याने टाचेकडून पुढच्या टोकाकडे माती व खडे काढावेत. खुराच्या तळाशी त्रिकोणी आकाराचा मऊ भाग असतो, त्याला टोचू नये. तेथे काळा, दुर्गंधीयुक्त द्रव दिसला तर ओल्या, घाणेरड्या जागी उभे केल्याने खूर सडू लागले आहे असे समजावे. खुरे नखांसारखी वाढत असल्याने दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून कापून घ्यावी लागतात. नाल सैल झाली असेल तर पाऊल टाकताना वेगळा आवाज येतो. तो आवाज ओळखण्याची सवय मुलांनी लावून घ्यावी.

खोगीर घोड्याच्या मणक्यावर टेकता कामा नये. त्याचा भार मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर पडावा. खाली स्वच्छ, सुती, घडी न पडलेले कापड असावे. तंग आवळताना अनेक घोडे पोट फुगवितात. म्हणून दोन-तीन मिनिटे चालवून तंग पुन्हा तपासावा, अन्यथा चढताना खोगीर फिरते आणि स्वार खाली येतो. लगामाची तोंडातील कडी गुळगुळीत असावी. काटेरी किंवा धारदार कडी जिभेला आणि ओठांच्या कोपऱ्यांना फाडते, हा तर सरळसरळ छेदाचा दोष झाला. तबेल्यात बांधतानाही घोड्याला मान खाली घालून खाता येईल, पाठ खाजविता येईल आणि आडवे होता येईल इतकी मोकळीक असावी. अगाडी-पिछाडीचे दोर त्वचेत रुतलेले असतील तर तो बंधाचा दोष होय.

पहिली स्वारी

घोडेस्वारी भाड्याच्या फेरीतून येत नाही. ती जाणकार शिक्षकाकडून शिकावी. नाशिकच्या भोंसला मिलिटरी स्कूलसारख्या शाळांतून तिचे पद्धतशीर शिक्षण मिळते. शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर हनुवटीखाली पट्टा बांधलेले, घोडेस्वारीसाठीच तयार केलेले शिरस्त्राण हवे. पायात लहान टाच असलेले बंद बूट हवेत. चपलेचा किंवा सपाट तळाच्या बुटाचा पाय रिकिबीतून आरपार सरकतो आणि पडताना तेथेच अडकतो. ओढणी, सैल शाल, लोंबणारा पट्टा नसावा. स्वाराला धनुर्वाताची लस दिलेली असणे आवश्यक आहे, कारण तबेल्याच्या मातीत आणि लिदीत त्या रोगाचे जंतू असतात.

घोड्यावर डाव्या बाजूने चढण्याचा परिपाठ आहे. पूर्वीच्या स्वाराच्या डाव्या कमरेला तलवार असे, म्हणून तो पडला असे सांगतात. चढण्यासाठी उंच दगड किंवा चौरंग वापरल्यास घोड्याची पाठ ओढली जात नाही. खोगिरात धपकन बसू नये, अलगद टेकावे. कान, खांदा, कंबर आणि टाच एका सरळ उभ्या रेषेत यावीत. पायाचा पुढचा भाग रिकिबीवर, टाच किंचित खाली, दृष्टी घोड्याच्या कानांच्या मधून पुढे असावी. लगाम तोल सावरण्यासाठी नसतो. जो लगामाला लोंबकळतो तो घोड्याच्या जिभेला लोंबकळतो. घाबरल्यास खोगिराचा पुढचा भाग किंवा आयाळ धरावी.

चाली क्रमाने शिकाव्यात. प्रथम साधी चाल, तीही शिक्षकाच्या हाती दोर असताना. तोल पक्का झाल्यावर दुडकी. चौखूर धावण्याची घाई करू नये. घोडा बुजला तर किंचाळणे आणि टाचा मारणे या दोन्ही गोष्टींनी तो अधिक पळतो. शांतपणे मागे टेकून, एक लगाम हळूहळू ओढून त्याला मोठ्या वर्तुळात वळवावे. उतरताना आधी दोन्ही पाय रिकिबीतून मोकळे करावेत आणि मगच उतरावे.

चाबकाने घोडा चांगला चालतो, ही समजूत किती अपुरी आहे याचे उत्तम उदाहरण अलीकडेच भारताने पाहिले. २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला या तरुण स्वारांनी ड्रेसाज या प्रकारात सांघिक सुवर्णपदक मिळविले. घोडेस्वारीतील सुवर्ण भारताला १९८२ नंतर ४१ वर्षांनी लाभले. ड्रेसाजमध्ये वेगाला महत्त्व नसते. स्वाराच्या जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यावर घोडा किती मोकळेपणाने आणि अचूक चालतो, याला गुण मिळतात.

घोडा का अडला, भाकरी का करपली आणि पाने का सडली, या तीन प्रश्नांचे एकच उत्तर मराठी घरांत मुलांना ठाऊक असते: न फिरविल्यामुळे. घोड्याच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. दिवसभर बांधून ठेवलेला घोडा आजारी, चिडका आणि अडेल होतो. रोजचा व्यायाम हा त्याच्या निगेचाच भाग आहे.

दुखण्याची चिन्हे

विश्रांती घेत असलेल्या प्रौढ घोड्याचे हृदय मिनिटाला २८ ते ४४ वेळा धडधडते आणि तो ८ ते १६ वेळा श्वास घेतो. अंगाचे तापमान ९९.५ ते १०१.३ अंश फॅरनहाइट असते. पोटशूळ उठलेला घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे पाहतो, पुन्हा पुन्हा बसतो-उठतो, लोळतो, घामाघूम होतो. लीद पडत नाही. अशा वेळी चारा काढून घ्यावा आणि विनाविलंब पशुवैद्यकाला बोलवावे. नळीने किंवा बाटलीने तेल घशात ओतण्याचा घरगुती उपाय धोक्याचा आहे, कारण ते फुप्फुसात जाऊ शकते. परभणी येथे १९७२ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जिल्ह्याला ही मोठीच सोय आहे.

नाकातून चिकट पिवळसर स्राव, नाकात व्रण, कातडीवर फुटणाऱ्या गाठी दिसल्यास त्या घोड्याजवळ मुलांना अजिबात जाऊ देऊ नये. ग्लँडर्स हा रोग घोड्यापासून माणसालाही होतो, आणि त्याची शंका आल्यास पशुसंवर्धन खात्याला कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. यात्रेतून घोडा विकत घेणाऱ्याने रक्ततपासणीचा आग्रह धरावा.

वरातीतील घोडी

बहुतेक कुटुंबांचा घोड्याशी येणारा संबंध अखेर वरातीपुरताच असतो, आणि खरे घोडे तेथेच पेंड खाते. बँड, ध्वनिवर्धकांच्या भिंती, फटाके, डोळ्यांवर झगमगते दिवे, चोहीकडून नाचणारी माणसे यांच्या मधोमध एक भित्रे जनावर तीन-तीन तास उभे केले जाते. ते बुजून उधळले तर सर्वांत आधी धोका पाठीवरच्या मुलाला असतो.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. ओझे वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांविषयी १९६५ मध्ये केलेल्या नियमांनुसार त्यांच्याकडून दिवसात ९ तासांहून अधिक किंवा विश्रांतीविना सलग ५ तासांहून अधिक काम घेता येत नाही. ज्या भागात तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या वर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळेत काम घेण्यास मनाई आहे. परभणीत एप्रिल-मे महिन्यांत ही मर्यादा नित्याचीच ओलांडली जाते. स्वारीसाठी काटेरी कडी वापरण्यासही याच नियमांनी बंदी घातली आहे.

कायदा बाजूस ठेवला तरी घरातील कर्त्या माणसाने चार गोष्टी ठरवून घेता येतात. घोडी ठरविताना केवळ पांढरा रंग आणि साज न पाहता पाठ, गुडघे, ओठांचे कोपरे आणि खुरे पाहावीत. फटाके आणि ध्वनिवर्धक घोडीपासून दूर ठेवण्याची अट आधीच बँडवाल्याला सांगावी. वरात सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढावी आणि तिची लांबी अर्ध्या-पाऊण तासापेक्षा वाढू देऊ नये. नवरदेवाबरोबर मूल बसवू नये. घोडीजवळ पाण्याची बादली आणि तिच्या मोतद्दारासाठी जेवणाचे पान, ही जबाबदारी घरातील एखाद्या तरुणाकडे नावानिशी द्यावी. ज्या घोडेवाल्याची स्वतःची पंगत चुकत नाही त्याला घोडीच्या चंदीची आठवण ठेवणे सोपे जाते. दोन-तीन लग्नांचे काम एका दिवसात उरकल्याशिवाय त्याचा खर्च भागत नसेल, तर थोडे अधिक भाडे देऊन त्या दिवशी दुसरे काम न घेण्याचे ठरविणे हाही एक मार्ग आहे. लाखोंच्या खर्चात ही रक्कम फारशी जाणवत नाही.

काही कुटुंबांनी घोडीऐवजी पायी वरात काढण्याचा किंवा सजविलेली मोटार वापरण्याचा पर्याय स्वीकारला आहे. जिंतूरजवळच्या नेमगिरीवर दर्शनाला जाणाऱ्या भाविकांना नेमिनाथांची कथा ठाऊक असते. विवाहमंडपाच्या वाटेवर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून त्यांनी आपला रथ मागे वळविला. ज्या परंपरेत वरातीच्या वाटेवर पशूची वेदना ऐकणे हा जीवनाला वळण देणारा प्रसंग मानला गेला, तेथे घोडीवाचूनची वरात कोणालाही उणी वाटू नये.

मुलांना मात्र घोड्यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. या यात्रेत किंवा येत्या सुट्टीत मूल घोड्याजवळ जाईल तेव्हा त्याने आधी मोतद्दाराला नमस्कार करावा आणि विचारावे: ‘मामा, याचे नाव काय? याने पाणी केव्हा प्यायले? आज किती फेऱ्या झाल्या? याला कुठे दुखते का?’ उत्तर समाधानकारक असेल तर अलगद मांड टाकावी. नसेल तर मानेवरून हात फिरवून, पाण्याची बादली पुढे सरकवून, त्या दिवशी न बसता परत यावे.